डाव्या सीटचं वजन

६ फेब्रुवारी

क्लचबाई,

मायना मुद्दाम गाळला आहे. 'सौ.' लिहायची सोय राहिली नाही, 'सूनबाई' लिहिलं तर कोर्टाचा अपमान व्हायचा, आणि नुसतं नाव लिहायला मी काही तुझी बँक नाही. म्हणून आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमधलं तुझं जुनं नाव काढलं. माझ्या गाडीची क्लच प्लेट जाळणारी तू एकमेव विद्यार्थिनी. हे नाव तरी तुझ्याकडून कोणी परत मागणार नाही.

फोन केला असता तर तू "बऱ्या आहात ना?" म्हणाली असतीस, मी "हो" म्हणाले असते आणि संपलं असतं. वर्षभर तेच चाललंय. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

आधीच सांगते, या पत्रात आमच्या चिरंजीवांबद्दल एक अक्षर नाही. तो बरा आहे. झालं.

कामाचं असं की मी होडी घेतली. हसू नकोस. आपली जुनी पत्र्याची होडी आठवते ना? जोडीस्पर्धेत शिट्टी वाजली की बाकीचे तलावाच्या पलीकडच्या लव्हाळ्यात पोचून मासे धरायलाही लागायचे, आणि आपण दोघी अजून निम्म्या वाटेत. तू स्टिअरिंगवर, मी गळ सरसावून, आणि पुढच्यांच्या लाटा थेट तोंडावर. तर आता आपली, म्हणजे माझी, होडी फायबरची आहे. मासेमारीच्या शर्यतीसाठीच बांधलेली, बुटकी, लांबट, मागे हे एवढं थोरलं इंजिन. एका दाताच्या डॉक्टरांनी हौसेने घेतली, दोनदा चालवली आणि घाबरून विकायला काढली. रंग लाल. तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं, या वयात लाल शोभत नाही. मी म्हटलं, मी होडी नेसणार नाहीये.

घेताना तू सांगायचीस तसं सगळं पाहिलं. मागच्या ज्या फळीवर इंजिन लटकतं ती इंचाइंचाने टकटक करून ऐकली, कुठे पोकळ वाजत नाही ना ते. बोल्टांभोवती तडे नाहीत. इंजिनाखाली पाण्यात फिरतो त्या पंख्याची पाती धडधाकट. डॉक्टर बिचारे बाजूला हात बांधून उभे होते, जणू मी त्यांचीच दाढ तपासत होते.

पण पाण्यात उतरवली आणि बाई, हैराण झाले. जरा वेग घेतला की नाक वर, धप्प खाली, परत वर, परत धप्प. बसमध्ये पेंगणाऱ्या माणसाची मान जशी. इंजिनवाला म्हणतो, "काकू, वेगवान होडीचं असंच असतं, होईल सवय." मला नाही व्हायची. तुझं माहेर म्हणजे होड्या दुरुस्त करायची शेड. बोलायला यायच्या आधी तू पान्यांचे नंबर ओळखायचीस, असं तुझे वडील सगळ्यांना सांगत सुटायचे. तेव्हा काय करायचं ते कळव. बाकी काही मागत नाही. मे महिन्यात जोडीस्पर्धा आहे, जोडीदार माझी मी बघेन.

— ब्रेकबाई


१९ फेब्रुवारी

क्लचबाई,

कार्ड मिळालं. "बॅटऱ्या मागून काढून पुढे न्या. बटण दाबून इंजिन किंचित आत घ्या." संपलं! ना 'आई', ना 'नमस्कार', ना सही. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, पलीकडे नुसता आमचा पत्ता. पिनकोडही चुकलेला. तरी आलं.

बॅटऱ्या हलवल्या. इंजिनवाल्याने तोंड वाकडं केलं, लांब वायर लागेल म्हणाला. मी म्हटलं, मग लांब वायर आण की, दोरीवर कपडे वाळत घालायचेत का आपल्याला? आणली. आणि काय सांगू, नाक डोलायचं थांबलं! तेव्हा आता पुढचं ऐक.

वेग वाढला की होडी या कुशीवरून त्या कुशीवर व्हायला लागते. डावी, उजवी, डावी, उजवी, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. तूच एकदा समजावलं होतंस की भरवेगात अशी होडी जवळजवळ सगळी पाण्याच्या वर असते, मागे बाकाच्या फळीएवढी पट्टी तेवढी पाण्याला टेकलेली. तेव्हा मी मान डोलावली होती. आता कळतंय. त्या फळीएवढ्या पट्टीवर माझं अख्खं घर बसलंय असं वाटतं.

त्यात माझा पाय. इतकी वर्षं शिकाऊ मुलांच्या शेजारी बसून मास्तरांचा जादा ब्रेक दाबण्यात गेली, 'ब्रेकबाई' काय उगाच नाव पडलं? घाबरले की पाय आपोआप खाली जातो. होडीला ब्रेक नसतो हे डोक्याला माहीत आहे, पायाला कोण सांगणार? तळाच्या गालिच्याला भोक पडायला आलं. यांनी तिथे जाड रबर चिकटवून दिलंय आणि वर लिहिलंय 'येथे काही नाही'. मग मी ओरडले. मग हे हसले. मग आम्ही दोन दिवस बोललो नाही.

जोडीदार म्हणून नणंदेला नेऊन पाहिलं. मासा लागला तर ती किंचाळली, "वहिनी, हा वळवळतोय!" मग काय करायचं त्याने, मान तुकवून उभं राहायचं? उतरताना म्हणाली, पुढच्या वेळी मी काठावरूनच टाळ्या वाजवेन.

पण होडी जुळवायची तर दोघींच्या वजनावरच जुळवायला हवी, नाहीतर स्पर्धेच्या दिवशी सगळं गणित फिरेल. म्हणून डाव्या सीटवर वाळूची पोती ठेवली आहेत. तुझ्या वजनाची. तुझ्यासाठी म्हणून नाही हं. कोणाचं तरी वजन धरायला हवं, तुझं मला पाठ आहे, एवढंच.

— ब्रेकबाई


७ मार्च

क्लचबाई,

या वेळी वाक्यं वाढली! "स्टिअरिंगचा ढिलेपणा काढून घ्या. डोलायला लागली की चाक बोटभर हलवा, वावभर नाही. वेग एकदम कमी करू नका. पोती परत तोलून बघा. होडी कुठल्या बाजूला झुकते ते कळवा." मी हे यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, मुलगी रागावलेली दिसत नाही. मी म्हटलं, बॅटरीला कोण रागावतं? मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीने परत वाचलं.

स्टिअरिंगचा ढिलेपणा काढला. स्टिअरिंगच्या तेलाच्या पाइपात हवा राहिली होती, ती काढल्यावर चाक घट्ट झालं. आणि बोटभर हलवायचं म्हणजे काय ते शिकायला माझे चार-पाच दिवस गेले. मी हाडाची शिकवणारी, समोरच्याच्या हातातलं चाक हिसकायची सवय! पण परवा सकाळी पाणी सपाट होतं, मी दात-ओठ खाऊन हात सैल सोडले, हेलकावा यायच्या आधीच चाकाला नुसता नखाचा धक्का दिला, आणि अगं, होडी सरळ झाली. एकदम शांत. इंजिनाचा आवाजसुद्धा बदलला. मी मोठ्याने हसत होते. धक्क्यावर थर्मास घेऊन बसलेले हे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मी रडतेय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, होडी जराशी डावीकडे झुकते. पोती परत तोलली. ठीक आहेत.

पण संकटं संपतील तर शपथ. वळणावर पंखा एकदम हवा पकडतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी बसते. शिवाय सरळ जाताना नाकच उचलत नाही, पाणी नांगरत जाते, सगळे तुषार माझ्या पदरात. शिवाय चाक इतकं जड लागतं की खांदा दुखायला लागला. इंजिनवाल्याने हात टेकले. माझीही मती गुंग झाली आहे. जरा सविस्तर लिही. घाई नाही, पण लवकर लिही.

तुझ्या खोलीला खिडकी आहे का? आणि सकाळी काही खाऊन निघतेस की तशीच? हे होडीचे प्रश्न नाहीत, चुकून आले. शाईने लिहिल्यामुळे खोडता येत नाहीत.

जोडीदार अजून मिळालेला नाही. नोंदणी एप्रिलच्या मध्यापर्यंत चालू आहे.

— ब्रेकबाई


२२ मार्च

बाई गं,

पकडलंस. यांच्यासमोरच कार्ड वाचलं. हे म्हणाले, "काय लिहिलंय?" मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, मुद्दाम, बातम्या वाचल्यासारखं:

"आई, वळणावर पंख्याला हवा लागते, म्हणजे इंजिन फार वर आहे. नाक उचलत नाही आणि चाक जड आहे, म्हणजे इंजिन फार खाली आहे. एकच इंजिन एका वेळी दोन्हीकडे नसतं. होडी मस्त चालली आहे ना? आणि वाळू माझ्या वजनाची असती तर ती डावीकडे झुकली नसती. तिथे कोण बसतंय?"

हे इतके हसले की ठसका लागला. मलाही हसू आलं, पण 'आई' लिहिलंस तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते यांनी पाहिलं नाही.

तर ऐक. होडी झकास चालते. पंख्याला हवा लागत नाही, नाक हवं तेव्हा उचलतं, एका हाताने वळते. मी सांगेन तिकडे जाते, या घरात दुसरं कोणी माझं इतकं ऐकत नाही. इंजिन बसवलंय ते बोल्टाच्या एका भोकाने वर, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब काटा बरोबर दाखवतो, तू असतीस तर तिथेच बसवलं असतंस. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सगळं जुळलं होतं. पण मग पुढे लिहायचं कशाबद्दल? बिघाड संपले तर पत्र संपलं. म्हणून मी बिघाड रचले. एकेक करून रचायला हवे होते, म्हणजे पावसाळ्यापर्यंत पुरले असते. सगळे एकदम घातले तिथे फसले. मास्तरीण बाई म्हणवते आणि अशी कच्ची चूक करते.

आता डाव्या सीटचं. पोती नव्हती. चिरंजीव होते.

चिडू नकोस, आधी पूर्ण वाच. पोती आणली होती खरी, पण पहिल्याच दिवशी एक फाटलं आणि होडीभर वाळू झाली. मी झाडत बसले होते, तर हा धक्क्यावर आला आणि सरळ डाव्या सीटवर जाऊन बसला. मी म्हटलं, "तू कशाला?" तर म्हणे, "कोणाच्या वजनावर जुळवायचंय ते मला माहीत आहे. माझं जास्त आहे, पण चालव." तेव्हापासून दर रविवारी येऊन बसतो. तुला माहीत आहेच, पाण्याची त्याला भीती. दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे मिटून बसतो. एकदा मी विचारलं, कशासाठी करतोस हे? म्हणाला, "आमचं नाही जमलं, आई. तुमचं दोघींचं जमत होतं. ते माझ्यामुळे का जावं?"

तेव्हा मी होडी धक्क्याकडे वळवली. उत्तर आता लिहिते. तुला त्याने नाही शोधलं, मी शोधलं. तू माझ्या स्कूलमध्ये आलीस, माझी क्लच जाळलीस, भरपाई म्हणून तुझ्या वडिलांच्या होडीतून मला फिरवून आणलंस. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मासा धरला आणि घरी येऊन म्हटलं, ही मुलगी या घरात आली पाहिजे. तो तुला नंतर भेटला. लग्न त्याचं मोडलं. माझं काय मोडलं होतं, म्हणून तुझ्याबरोबरचे माझे रविवार गेले? तू घराची किल्ली पोस्टाने पाठवलीस, आत चिठ्ठीसुद्धा नाही, तेव्हा मी फार चिडले होते. आठवडाभर फणकारत होते. मग नुसतं वाईट वाटायला लागलं, ते अजून वाटतंय.

मला तुझी आठवण येते. होडी त्यासाठी घेतली. आता विचारते, सरळ विचारते: मे महिन्यात माझी जोडीदार होशील का? 'नाही म्हणालीस तरी चालेल' असं लिहिणार होते, पण थापा आता पुरे झाल्या. नाही चालणार. मला खूप वाईट वाटेल.

चिरंजीव म्हणतो, तो त्या दिवशी धक्क्यावर येणार नाही, किंवा आला तरी लांब बसेल. तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

बाकी खांदा अजिबात दुखत नाही.

— तुझी जी कोण असेन ती


२ एप्रिल

आई,

खिडकी आहे. समोर बेकरीची मागची भिंत दिसते आणि पहाटेपासून पावाचा वास येतो, त्यामुळे सकाळी न खाता निघणं शक्यच नाही. वजन वाढलंय. किती ते सांगणार नाही.

खोलीत माझ्याबरोबर एक नर्स राहते. ती कामावरून येते तेव्हा मी निघते, म्हणून आमची मैत्री फार चांगली आहे. नळ गळत होता तो मी दुरुस्त केला, तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या काकू त्यांची गळकी भांडीसुद्धा घेऊन येतात. नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, तक्रारींचे फोन घ्यायची. लोक लिफ्टमध्ये अडकले की आधी मला शिव्या देतात, मग मी त्यांना धीर देते, मग ते मला त्यांच्या घरातलं सगळं सांगतात. मागच्या महिन्यात एक आजोबा सुटका झाल्यावरही फोन ठेवेनात. मला चष्मा लागला आहे. काळी फ्रेम घेतली, बरी दिसते. केस कापले, ते बरे दिसत नाहीत.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते ऑफिसच्या दारात उभी राहून वाचलं आणि मग जिन्यात बसून परत वाचलं. उत्तर लिहायला बसले. चार पानं झाली. वाचली आणि फाडली. परत लिहिली, परत फाडली. काय लिहायचं ते कळेना, काय लिहायची मला मुभा आहे तेही कळेना. बॅटऱ्यांचं तेवढं खात्रीने लिहिता येत होतं, म्हणून तेवढंच पाठवलं. किल्लीच्या वेळीही तसंच झालं होतं. चिठ्ठी लिहिली होती, पाकिटात घातली नाही.

एक सांगू? कोर्टात सही करताना मला रडू आलं नाही. आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू. रडू आलं ते पुढच्या रविवारी. सवयीने पहाटे जाग आली, जाड मोजे काढले, आणि मग लक्षात आलं की आता मला कुठेच जायचं नाही. मोजे घालून तशीच बसून राहिले.

त्याला सांगा, लांब बसायचं काही कारण नाही. बाबांच्या शेजारी बसून चहा प्यावा. डोळे मिटून इतके रविवार बसला, त्याबद्दल मी त्याचं तोंडावर कौतुक करणार आहे. त्याने आधीच लाजून घ्यावं.

परवा ऑफिसात मुलींनी मला घेरलं. म्हणाल्या, पोस्टमन यायच्या वेळेला तू रोज खाली का जातेस, कोणाचं पत्र येतं? मी म्हटलं, सासूबाईंचं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना घटस्फोटाचं माहीत आहे. एकीने हळूच विचारलं, "अगं, पण आता त्या तुझ्या कोण लागतात?" मी म्हटलं, घटस्फोट नवऱ्याशी घेतला, सगळ्या घराशी नाही. म्हणून तर टाकलं मी, पण तुमचं शेवटचं पत्र येईपर्यंत ते खरं आहे की नाही याची मला खात्री नव्हती.

नाव नोंदवा. स्पर्धेपर्यंत थांबत नाही, पुढच्या शनिवारीच दुपारच्या गाडीने येते. रविवारी होडी मी चालवणार. तुम्ही डावीकडे बसायचं, गळ सांभाळायचा आणि चाक कसं धरायचं ते मला एकदाही शिकवायचं नाही. जमेल का तुम्हाला?

नाही जमलं तरी येतेच आहे.